अंधारात बोलणारा डोळा : माशाच्या दृष्टिपटलातले रासायनिक निरोपे

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. रांजणगाव सांडसच्या परिसरात पुण्याकडून आलेली मुळा-मुठा तिला मिळते. शिरूरला घोडनदी हे नाव जिच्यामुळे पडले ती घोड चिंचणीच्या धरणात अडते आणि पुढे भीमेलाच मिळते. दौंडच्या खाली उजनीचा फुगवटा सुरू होतो. पाणी एकाच खोऱ्यातले, पण त्याचे रंग वेगळे. आषाढात ते मातकट होते, थंडीत शेवाळाने हिरवट दिसते आणि जलपर्णीचा थर साचला की खाली जवळजवळ काळोखच होतो. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, चिलापी, मरळ, शिवडा आणि वाम याच पाण्यात वाढतात. त्यांतले काही दिवसा चरतात, तर काही रात्री शिकारीला निघतात.

या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एक अवघड काम आहे. भर दुपारी उघड्यावर प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री तो एका लक्सच्या हजाराव्या भागाच्या आसपास उतरतो. म्हणजे बारा तासांत सुमारे दहा कोटी पटींचा फरक पडतो. माणूस डोळ्याची बाहुली लहानमोठी करतो, पण तिच्यामुळे आत जाणारा प्रकाश फार तर सोळा पट कमीजास्त होतो. बहुतेक हाडाच्या माशांची बाहुली तर जवळजवळ हलतच नाही, आणि त्यांना मिटायला पापण्याही नाहीत. तेव्हा प्रकाशाशी जुळवून घेण्याचे सगळे काम डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीवर पसरलेल्या दृष्टिपटलात, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘पडद्या’त, करावे लागते. हे काम विजेपेक्षाही जास्त रसायने करतात.

पाण्याच्या रंगाप्रमाणे डोळा

दृष्टिपटल मिलीमीटरपेक्षाही पातळ असते, पण त्यात पेशींचे अनेक थर असतात. भ्रूणात ते मेंदूच्याच भागातून फुटून बाहेर येते, त्यामुळे त्याला मेंदूचा पुढे आलेला तुकडा म्हणायला हरकत नाही. सर्वांत मागे दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. मंद उजेडासाठी दंडाकार पेशी आणि भरपूर उजेडासाठी, रंगांसाठी शंक्वाकार पेशी. त्यांच्या पुढे आडव्या पेशी, द्विध्रुवी पेशी आणि अमॅक्राइन पेशी येतात. शेवटच्या गँग्लियॉन पेशींचे धागे एकत्र येऊन दृष्टीची चेता बनते आणि ती मेंदूकडे जाते.

गढूळ आणि हिरवट पाण्यात निळा प्रकाश लवकर शोषला जातो, तांबूस प्रकाश त्यामानाने खोल जातो. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच माशांचा डोळा याला अनुरूप असतो. आपल्या डोळ्यातले रंगद्रव्य अ जीवनसत्त्वाच्या नेहमीच्या रूपावर, ए-१ वर, आधारलेले असते. या माशांत ते ए-२ या दुसऱ्या रूपावर बेतलेले असते. जॉर्ज वाल्ड यांनी १९३०च्या दशकात गोड्या पाण्यातल्या माशांत ते शोधले आणि त्याला पोर्फिरॉप्सिन म्हटले. या एका बदलाने रंगद्रव्याची संवेदना तांबड्या बाजूला सरकते. जपानमधील केयो विद्यापीठातल्या त्सुनेओ तोमिता यांच्या गटाने १९६७ मध्ये कार्प माशाच्या एकेका शंकूची नोंद घेतली. तेव्हा ४६२, ५२९ आणि ६११ नॅनोमीटर अशा तीन ठिकाणी संवेदनेची शिखरे सापडली. माणसाच्या तांबड्या शंकूचे शिखर ५६० नॅनोमीटरच्या आसपास असते. आपल्याला गढूळ वाटणाऱ्या भीमेत तांबड्याकडे झुकलेला उजेड उरतो, आणि कार्पचा डोळा नेमका तोच पकडतो.

यातला कार्प आपल्याला परका नाही. बाजारात सायप्रिनस म्हणून विकला जाणारा मासा म्हणजेच हा कार्प. रोहू, कटला, मृगळ, शोभेचा सोनमासा आणि प्रयोगशाळेतला झेब्राफिश हे सगळे त्याच्याच मोठ्या कुळातले. दृष्टिपटलाविषयी आज जे माहीत आहे त्याचा फार मोठा भाग या कुळातल्या माशांनी शिकवला. त्यांच्या आडव्या पेशी मोठ्या असतात, त्यामुळे त्यांत अतिबारीक काचनळी घालता येते. शिवाय मासा थंड रक्ताचा असल्याने डोळ्यातून काढलेले दृष्टिपटल प्राणवायू मिळत राहिला तर साध्या तापमानालाही काही तास काम करते.

उलटी रीत

१९५३ मध्ये गुन्नार स्वेतिखिन यांनी माशाच्या दृष्टिपटलात विजेची एक विचित्र खूण नोंदवली. प्रकाश पडला की पेशी उत्तेजित होण्याऐवजी तिच्यातला विद्युतदाब आणखी ऋण होत होता. ही खूण शंकूंची आहे असे त्यांना वाटले. पुढे ती आडव्या पेशींची निघाली, तरी तिला आजही त्यांच्या आडनावावरून ‘एस-पोटेन्शियल’ म्हणतात. त्यांतल्या काही पेशी तांबड्या प्रकाशाला एका दिशेने आणि हिरव्या प्रकाशाला उलट दिशेने प्रतिसाद देत होत्या. रंग एकमेकांच्या विरोधी जोड्यांत ओळखले जातात ही एकोणिसाव्या शतकातली कल्पना अशा रीतीने एका माशाच्या डोळ्यात प्रत्यक्ष दिसली.

खुद्द शंकू काय करतो हे तोमितांनी १९६५च्या सुमारास दाखवले. शंकू इतका बारीक की नळीचे टोक त्याच्या बाजूने निसटून जाते. म्हणून त्यांनी दृष्टिपटलालाच खालून हलका हादरा देण्याची युक्ती काढली आणि नळी आत शिरली. उत्तर तेच आले : प्रकाशात शंकू शांत होतो.

आपली त्वचा, कान, नाक यांच्या पेशी उद्दीपन मिळाले की जाग्या होतात. डोळ्याची रीत याच्या उलट आहे. अंधारात प्रकाशग्राही पेशीचे सोडियमचे दरवाजे उघडे असतात. पेशीच्या आतला दाब उणे ४० मिलीव्होल्टच्या आसपास राहतो आणि तिच्या टोकातून ग्लुटामेट हे रसायन सतत झिरपते. प्रकाश पडला की रंगद्रव्य बदलते, आतल्या सीजीएमपी या रेणूचा साठा घटतो, दरवाजे मिटतात आणि ग्लुटामेटचा झरा आटतो. शेतावर रात्रभर मोटर चालू असते तोवर शेतकरी बाजूला निवांत झोपतो, वीज गेली आणि आवाज थांबला की तो दचकून उठतो. पुढच्या पेशींनाही असेच थांबण्यातून कळते. डोळा बोलतो तो अंधारात, आणि प्रकाशाची बातमी त्याच्या गप्प होण्यातून जाते.

एकच रसायन, दोन अर्थ

ग्लुटामेट थांबले ही बातमी द्विध्रुवी पेशींपर्यंत जाते. या पेशी दोन गटांच्या आहेत. एका गटाच्या पृष्ठभागावर असे ग्राहक, म्हणजे रसायन पकडणारी प्रथिने, असतात की ग्लुटामेट आले की पेशी उत्तेजित होते. साहजिकच अंधारात ती जागी आणि उजेडात शांत. ही ‘ऑफ’ पेशी. दुसऱ्या गटावर वेगळे ग्राहक असतात, तिथे तेच ग्लुटामेट पेशीला दाबून ठेवते. ते थांबले की दाब सुटतो आणि पेशी उजेडात जागी होते. ही ‘ऑन’ पेशी. पाठवणारा एक, रसायन एक, क्षण एक, तरीही शेजारी बसलेल्या दोन पेशी त्यातून उलट अर्थ काढतात.

मासे इथे आणखी एक पाऊल पुढे जातात. दंडाकार पेशींकडून निरोप घेताना त्यांच्या ‘ऑन’ पेशी एका प्रकारचा ग्राहक वापरतात. शंकूंकडून घेताना मात्र ग्लुटामेट गोळा करणाऱ्या एका वाहक प्रथिनाचाच उपयोग होतो, कारण ग्लुटामेट चिकटले की त्यातून क्लोराइडचे कण आत शिरतात. एकाच पेशीवर, एकाच रसायनासाठी, रात्रीचे दार वेगळे आणि दिवसाचे वेगळे.

रासायनिक संदेशवहनाविषयी पक्के लक्षात ठेवावे असे हेच आहे. निरोपाचा अर्थ निरोप्याच्या अंगात नसतो, तो घेणाऱ्याच्या दारावर ठरतो.

आडव्या पेशींचे काम शेजाऱ्यांची तुलना करण्याचे. त्या अनेक शंकूंकडून ग्लुटामेट घेतात, आसपासच्या उजेडाची सरासरी काढतात आणि शंकूंनाच परत सांगतात की जरा दमाने घ्या. त्यामुळे कडा उठून दिसतात, गढूळ पाण्यात किड्याची आकृती पार्श्वभूमीपासून सुटी होते. सोनमाशाच्या काही आडव्या पेशींत गॅबा हे रसायन असते, म्हणून हा परतीचा निरोप गॅबाच नेत असणार असे बरीच वर्षे मानले जात होते. २००१ मध्ये डच संशोधक मार्टेन कामरमान्स आणि सहकाऱ्यांनी माशांवर काम करून वेगळाच मार्ग सुचवला : आडव्या पेशीच्या टोकावरील अर्धवट वाहिन्यांतून विद्युतप्रवाह जातो आणि शंकूचा दाब तिथल्या तिथे बदलतो. त्याच फटीतली आम्लता बदलून शंकूला आवरले जाते याचेही पुरावे दुसऱ्या गटांनी दिले. या तिन्ही मार्गांचा वाटा किती यावर अजून चर्चा चालते.

दिवसाचा निरोप्या : डोपामीन

आता सुरुवातीच्या दहा कोटी पटींकडे वळू. दिवस आणि रात्र यांच्यात सगळे दृष्टिपटलच बदलायचे असेल तर एका पेशीने दुसरीला दिलेला क्षणिक निरोप पुरत नाही. त्यासाठी सावकाश पसरणारे आणि बराच वेळ टिकणारे रसायन हवे. ते काम डोपामीन करते.

१९७५ मध्ये अमेरिकेचे जॉन डाउलिंग आणि स्वीडनचे बेर्न्ट एहिंगर यांनी सोनमासा आणि सिबस माकड यांच्या दृष्टिपटलातील एका वेगळ्या पेशीची जोडणी दाखवली. तिचे शरीर आतल्या थरात असते आणि धागे बाहेरच्या थरातल्या आडव्या पेशींपर्यंत उलट्या दिशेने जातात. माशात या पेशीचे रसायन डोपामीन आहे. म्हणजे बातमी बाहेरून आत जात असताना आतून बाहेर हुकूमही जात असतो.

हा हुकूम काय करतो, हे १९८३ मध्ये जपानमध्ये कार्पवरच दिसले. आडव्या पेशी एकमेकींना सूक्ष्म छिद्रांनी जोडलेल्या असतात. एका पेशीत ल्युसिफर यलो हा चमकणारा रंग सोडला की तो शेजारच्या पेशींत पसरत जातो. तेरानिशी, नेगिशी आणि काटो यांनी डोपामीन दिल्यावर हे पसरणे आटले. पुढे डाउलिंग यांच्या प्रयोगशाळेत, पेशी वेगळ्या करून वाढवल्यावर, कारणांची साखळीही उलगडली. डोपामीन पेशीच्या डी-१ ग्राहकावर बसते, आत सीएएमपी या रेणूचे प्रमाण वाढते, त्याने एक विकर जागे होते आणि छिद्रांची झडप मिटते. जाळे तुटक झाले की प्रत्येक आडवी पेशी लहान भागाचीच सरासरी काढते आणि चित्रातले बारकावे वाढतात.

याच डोपामीनचे दुसरे काम साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसते. माशाच्या दृष्टिपटलात पेशी खरोखर जागा बदलतात. उजाडले की शंकू आखडून प्रकाशाच्या बाजूला येतात, दंड लांबून मागे सरकतात आणि मागच्या थरातले काळे कण पसरून दंडांना झाकतात. अंधार पडला की हे सगळे उलटे घडते, दंड पुढे आणि शंकू मागे. बाहुली जे करू शकत नाही ते मासा पेशींची जागा बदलून करतो. ही हालचाल काही सेकंदांत होत नाही, तिला दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. शंकूंना आखडायला डोपामीन सांगते. मात्र शंकूवर डी-२ जातीचा ग्राहक असतो, आणि तो सीएएमपी वाढवण्याऐवजी कमी करतो. आडव्या पेशीत ज्या रेणूला डोपामीन वर चढवते, त्याच रेणूला ते शंकूत खाली उतरवते. तरी दोन्हींचा परिणाम एकाच दिशेचा : डोळा दिवसासाठी तयार.

रात्रीची बाजू मेलाटोनिन सांभाळते. ते दृष्टिपटलातच तयार होते, अंधारात वाढते आणि डोपामीनला आवरते. दोघांत दिवसरात्रीची खेच चालू असते आणि तिला शरीराच्या आतल्या घड्याळाचीही साथ असते. म्हणून पूर्ण अंधारात ठेवलेल्या माशांच्या शंकूंचीही पहाटेच्या सुमाराला, उजेड नसतानाच, दिवसाची तयारी सुरू होते. उजनीच्या फुगवट्यात संध्याकाळी जाळी लावली जातात तो वेळ हाच, म्हणजे शंकू मागे सरत असतात आणि दंड पुरते पुढे आलेले नसतात. दिवसा डोळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्या माशांना तेव्हा बारीक धागा दिसणे अवघड जात असणार. वाम आणि शिवडा यांच्यासारख्या रात्रीच्या शिकाऱ्यांचा दिवस त्याच वेळी उजाडतो.

नाकाकडून डोळ्याकडे

माशाच्या डोळ्यात एक निरोप चक्क नाकाच्या बाजूने येतो. माशाच्या घ्राणकंदाजवळ, म्हणजे मेंदूच्या वास ओळखणाऱ्या भागाजवळ, चेतापेशींचा एक लहान पुंजका असतो, त्याला टर्मिनल नर्व्ह म्हणतात. त्याचे काही धागे मेंदूतून जाऊन थेट दृष्टिपटलात शिरतात. विल्यम स्टेल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सोनमाशाच्या या धाग्यांत दोन पेप्टाइडे असल्याचे दाखवले. एक प्रजननाची सूत्रे हलवणारे जीएनआरएच आणि दुसरे एफएमआरएफ-अमाइडसारखे. १९८७ मध्ये झुकर आणि डाउलिंग यांना हे धागे डोपामीनच्या पेशींवरच येऊन टेकलेले आढळले. जीएनआरएचने डोपामीनचा स्राव वाढतो, दुसरे पेप्टाइड त्याला आवरते.

महाराष्ट्रातले एक काम इथे जोडून पाहावे. नागपूर विद्यापीठातील निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांच्या मेंदूतील रासायनिक निरोप्यांचा दीर्घ अभ्यास केला. २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायोलॉजी’त त्यांनी मोझांबिक चिलापीच्या घ्राणपेशींत नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर असल्याचे दाखवले. नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे. त्याला साठवायला पिशवी लागत नाही, की दारावर थांबावे लागत नाही. बनला की तो पेशीच्या भिंतीतून आरपार जातो. माशाच्या दृष्टिपटलातही तो काम करतो आणि आडव्या पेशींची जोडणी सैल करायला मदत करतो. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, झेब्राफिशवरचा दुसरा प्रयोग आला. पाण्यात अमिनो आम्लाचा, म्हणजे माशाला अन्नासारखा येणारा, वास सोडला की पहाटेच्या वेळी त्याच्या डोळ्याची संवेदना वाढत होती.

चिलापीच्या जगण्यात हे समजण्यासारखे आहे. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा मासा आज उजनीतल्या मासेमारीचा मोठा आधार झाला आहे. विणीच्या काळात मोझांबिक चिलापीचा नर काळा पडतो, तळाशी खळगा उकरतो आणि त्याच्या मूत्रातले वासही माद्यांना व इतर नरांना त्याचा दरारा कळवतात. मादी अंडी तोंडात सांभाळते. जिथे जोडीदार रंगाने आणि वासाने एकत्रच ओळखायचा, तिथे नाकाने डोळ्याला कामाला लावावे हे सोयीचेच.

मत्स्यबीज केंद्रातली सुई

जीएनआरएच आणि डोपामीन ही जोडी मत्स्यशेतकऱ्याच्या ओळखीची आहे, नावे ठाऊक नसली तरी. रोहू, कटला आणि मृगळ हे पावसाळ्यात, पूर आलेल्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, तळ्याच्या साचलेल्या पाण्यात घालत नाहीत. हिरालाल चौधरी यांनी जुलै १९५७ मध्ये ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून ही अडचण सोडवली. आता बहुतेक केंद्रांत तयार औषध वापरतात. ओव्हाप्रिमसारख्या औषधात दोन घटक असतात : जीएनआरएचसारखा एक रेणू आणि डॉमपेरिडोन. दुसरा घटक डोपामीनला अडवतो.

तो का लागतो? कार्पच्या पीयूषिकेत जीएनआरएच अंडी सोडण्याचा हुकूम देते आणि डोपामीन त्याला विरोध करते. नुसते जीएनआरएच टोचले तर डोपामीन आड येते. म्हणून एकीकडे हुकूम वाढवायचा आणि दुसरीकडे अडवणाऱ्याचेच तोंड बांधायचे. त्यानंतरच मत्स्यजिरे, मत्स्यबीज आणि बोटुकली ही पुढची साखळी सुरू होते. त्याच माशाच्या डोळ्यात मात्र जीएनआरएच डोपामीनला पुढे ढकलते. एका अवयवात जे दोघे सहकारी, दुसऱ्यात तेच प्रतिस्पर्धी.

आपल्या डोळ्यापर्यंत

सुईप्रमाणेच फवारणीही या निरोपांत ढवळाढवळ करते. दृष्टिपटलातील अमॅक्राइन पेशींपैकी काही ॲसिटिलकोलीन वापरतात. वस्तू कोणत्या दिशेने सरकते आहे हे ओळखण्यात त्यांचा हात असतो. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके कीटकांना मारतात ती ॲसिटिलकोलीनचे विघटन करणारे विकर बंद पाडून. तेच विकर माशातही आहे. ऊस आणि कांद्याच्या पट्ट्यात फवारणीनंतरचा पाऊस ओढ्याने नदीत जातो, तेव्हा त्यातले औषध कीटक आणि मासा असा भेद करत नाही. मासा लगेच मेला नाही याचा अर्थ त्याचे दिसणे, पळणे, भक्ष्य पकडणे शाबूत राहिले असा होत नाही.

माणसाच्या दृष्टिपटलातही ग्लुटामेट अंधारातच झिरपते, ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ पेशी आहेत आणि डोपामीन दिवसाचाच निरोप्या आहे. पार्किन्सन्सच्या रुग्णांना कमी फरकाच्या छटा ओळखणे अवघड जाते, त्यामागे दृष्टिपटलातले डोपामीन घटणे हे एक कारण मानले जाते. उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत चष्मा लागण्याचे प्रमाण कमी आढळते. तिथेही लख्ख उजेडात वाढणारे डोपामीन डोळ्याची लांबी वाढू देत नसावे, असा प्राण्यांवरील प्रयोगांचा कल आहे.

वर्तमानपत्रांत डोपामीनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. सायप्रिनसच्या आडव्या पेशीला ते शेजाऱ्यांशी बोलणे कमी कर असे सांगते, शंकूला आखडायला सांगते आणि पीयूषिकेला अंडी रोखायला सांगते. यांतल्या एकाही पेशीला आनंदाशी देणेघेणे नाही. म्हणून एखादी गोळी, फवारणी किंवा सुई यांविषयी ‘हे रसायन काय करते’ एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर अर्धेच मिळते. कोणत्या पेशीवर, कोणत्या ग्राहकावर आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे विचारले की उरलेले अर्धे मिळते. मत्स्यबीज केंद्रातल्या त्या एका सुईत दोन औषधे भरावी लागतात ती याच उरलेल्या अर्ध्यामुळे.